कोणावर राज्य आहे? परीदरबार, त्यांचे पक्ष आणि सत्ता सोडण्याचा प्रश्न

आजच्या विषयाची घोषणा वाचून काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात पऱ्यांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. पण प्लेटोनं आपल्या संवादांत किती कथा रचल्या आहेत ते आठवा. माणसाला सत्तेबद्दल जे सरळ बोलता येत नाही, ते तो कथेतून बोलतो. आणि गेल्या पन्नास वर्षांत सत्तेबद्दलच्या कथा सगळ्यांत तपशिलानं कुठे लिहिल्या गेल्या असतील, तर त्यात एका अनपेक्षित जागेचं नाव घ्यावं लागतं. ती जागा म्हणजे कल्पनाविश्वातल्या भूमिका-खेळांची नियमपुस्तकं.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात, आणि गोष्ट बोलत बोलत पुढे जाते. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत छापला गेला आणि या प्रकाराला सुरुवात झाली. आता या खेळांच्या पुस्तकांत नियम असतात तसं जगाचं वर्णनही असतं. कोणता देश, तिथे कोण राहतं, राज्य कोणाचं, कोणाचं कोणाशी पटत नाही. त्या वर्णनांत परीलोक आहे, परीलोकात दरबार आहेत, आणि दरबार म्हटले की पक्ष आलेच.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी झोपलं तरी नुकसान नाही. या दरबारांकडे पाहताना 'चांगले कोण आणि वाईट कोण' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कामाचा प्रश्न असा, की या दरबारात सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते कशी? आणि जात नसेल, तर त्याची किंमत कोण मोजतं? या प्रश्नावर घासून पाहिलं की काही प्रसिद्ध पुस्तकं उथळ ठरतात, आणि एक पुस्तक मात्र फार खोल जातं.

आता शब्दापासून सुरुवात करू. 'परी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरा झगा, पंख, हातात चांदणीची काठी. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि बालगोष्टींनी तो गोड करून टाकला. या खेळांतले 'फे' म्हणजे या पऱ्या नव्हेत. त्यांचं मूळ घर स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड. तिथले शेतकरी आणि गुराखी त्यांच्या वाटेला जात नसत, आणि त्यांचं नावही जपून घेत.

स्कॉट बोलीत त्यांच्या एका मेळ्याला 'सीली कोर्ट' म्हणत. 'सीली' म्हणजे सुखी, पुण्यवान, कृपावंत. जर्मनमधला 'सेलिग' हा शब्द त्याच कुळातला. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला 'सिली', म्हणजे बावळट, तोही त्याच मुळाचा. मग प्रश्न पडतो, ज्यांची भीती वाटते त्यांना पुण्यवान का म्हणायचं? मराठी माणसाला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. ज्या रोगानं घरंच्या घरं रिकामी केली त्याला आपण काय म्हणत होतो? देवी. 'देवी आल्या' म्हणत होतो. रात्री सापाचं नाव काढायचं नाही म्हणून आपल्याकडचा खेड्यातला माणूस 'लांबडं' म्हणतो. भीतीच आदराचा शब्द वापरते. तेव्हा 'सीली' हे चारित्र्याचं प्रमाणपत्र समजू नका. ते घाबरलेल्या माणसानं घातलेलं साकडं आहे. 'तुम्ही कृपावंत आहात, नाही का? मग तसेच राहा,' असा त्याचा अर्थ.

जुन्या बॅलडांमध्ये हे स्पष्ट दिसतं. 'अ‍ॅलिसन ग्रॉस' या गाण्यात चेटकीणीनं किडा करून टाकलेल्या माणसाला सीली कोर्टाची राणी हॅलोवीनच्या रात्री जाता जाता सोडवते. का, ते सांगितलेलं नाही. 'टॅम लिन' या दुसऱ्या गाण्यात परीलोकाची राणी एका तरुणाला धरून ठेवते, आणि तिथे दर सात वर्षांनी नरकाला एक खंडणी द्यावी लागते. ती आपल्याच देहानं दिली जाईल की काय या धास्तीत तो आहे. एकीकडे सुटका, दुसरीकडे बंदी. दोन्हीकडे राणीच, दोन्हीकडे मिरवणूकच. मला आवडलं म्हणून दिलं, मला हवं म्हणून घेतलं. यात चांगला पक्ष आणि वाईट पक्ष अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचा पाद्री रॉबर्ट कर्क यानं १६९१-९२ च्या सुमारास या लोकांवर एक पुस्तिका लिहिली. पुढे १८१५ मध्ये वॉल्टर स्कॉटनं ती छापून आणली. तिचं नावच 'द सीक्रेट कॉमनवेल्थ', म्हणजे गुप्त राज्यव्यवस्था. पाद्रीबुवांनी त्यांना 'भुतं' म्हटलं नाही, राज्यशास्त्रातला शब्द वापरला! आणि एक विलक्षण निरीक्षण नोंदवलं. या लोकांत उच्चकुलीन राज्यकर्ते आहेत, कायदे आहेत, पण धर्म म्हणावा असं काही दिसत नाही. धर्म नाही आणि कायदा आहे, अशी ही व्यवस्था. तिथे चालतो तो दिलेला शब्द, घेतलेलं देणं आणि पाहुणचाराची रीत. तुम्ही भले असा वा बुरे. त्यांच्या घरचं अन्न खाल्लंत की त्यांचे झालात.

दरबारातल्या भांडणाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट मात्र शेक्सपियरची, १५९५-९६ च्या सुमाराची. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' मध्ये परीराजा ओबेरॉन आणि राणी टिटानिया यांचं बिनसलेलं आहे. त्या भांडणामुळे ऋतूंचा क्रम बिघडला, पिकं कुजली, नद्या फुगल्या, असं टिटानिया स्वतःच सांगते. भांडण कशावरून? एका लहान मुलावरून. आणि मंडळी, तो मुलगा हिंदुस्थानातला आहे. हा धागा आम्ही ओढूनताणून आणलेला नाही, नाटकातच आहे. पक म्हणतो, हा हिंदुस्थानच्या राजाकडून चोरून आणलेला मुलगा. टिटानिया म्हणते, छे, याची आई माझी भक्त होती, बाळंतपणात गेली, तिच्यासाठी मी याला वाढवते आहे. म्हणजे दरबाराच्या आतल्या आतच दोन हकिकती आहेत. एक 'चोरला' म्हणते, दुसरी 'सांभाळला' म्हणते. तिसरी हकिकत द्यायची ती त्या मुलानं. पण नाटकाच्या पात्रयादीत तो मुलगा नाही. त्याला एकही वाक्य नाही. शेवटी ओबेरॉन राणीच्या डोळ्यांत रस पिळून, तिला भुलवून तो मुलगा मिळवतो, ऋतू ताळ्यावर येतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

हा न बोलणारा मुलगा लक्षात ठेवा. आम्हांला पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता खेळांकडे वळू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत परीलोकाला 'फेवाइल्ड' हे नाव मिळालं. आपल्या जगाचीच प्रतिमा, पण रंग गडद, भावना तीव्र. २०१४ साली सूत्रधारासाठी जे मार्गदर्शक पुस्तक निघालं त्यात दोन दरबार आहेत. टिटानियाचा ग्रीष्म दरबार सीलींचा, आणि 'हवा आणि अंधाराची राणी' हिचा कातरवेळेचा दरबार अनसीलींचा. या दुसऱ्या राणीचं नावही उसनं आहे. १९२२ मधली ए. ई. हाउसमनची एक कविता, मग टी. एच. व्हाइटचं आर्थर राजाच्या कथेवरचं लेखन, असा त्या नावाचा प्रवास. उसनवारीबद्दल आमची तक्रार नाही. पुराणांपासून सगळेच उसनं घेत आले.

या पुस्तकात एक शहाणपणाचं विधान आहे. सीली म्हणजे चांगले आणि अनसीली म्हणजे वाईट असं माणसं समजतात, पण ते तसं नाही. दोन्ही बाजूंचं वैर नैतिक तत्त्वावर उभं नाही, असं ते सांगतं. ज्या खेळात प्रत्येक पात्राच्या कपाळावर 'सज्जन', 'दुर्जन' अशी चिठ्ठी चिकटवायची जुनी पद्धत, त्यात हे लिहिलं जाणं ही मोठीच गोष्ट. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे कार्ल श्मिटची आठवण होईल. 'राजकीय' म्हणजे काय यावरच्या आपल्या १९३२ च्या पुस्तकात तो म्हणतो की राजकारणातला शत्रू नैतिकदृष्ट्या वाईट असायलाच हवा असं नाही. मित्र कोण आणि शत्रू कोण हा भेद स्वतंत्र आहे. हाच श्मिट पुढच्याच वर्षी नाझी पक्षात गेला, हेही विसरू नये. शत्रुत्वाला नीतीच्या हातातून सोडवलं, की ते कोणाच्या हातात जाईल याची शाश्वती नसते.

बरं, नैतिक कारण नाही, तर मग वैराचं कारण काय? पुस्तक म्हणतं, दोन राण्यांचा एकमेकींबद्दलचा मत्सर. झालं! इथे आमची निराशा होते. एक पाऊल पुढे टाकून लेखक घरी परतले. दोन राजे लढले असते तर जमिनीचा वाद, वारसाहक्क, तह मोडला, असं काहीतरी शोधलं असतं. राण्या लढल्या म्हणून मत्सर पुरेसा! पण यात स्त्रियांवरचा अन्याय हा एक भाग झाला. विचारांचा तोटा वेगळाच आहे. मत्सर हे वैराचं कारण असलं की दरबाराला धोरण लागत नाही. त्या दरबारातल्या साध्या माणसाला, म्हणजे साध्या फेला, आपण या बाजूला का आहोत याचं उत्तर लागत नाही. दरबार म्हणजे निव्वळ दोन रंगांचे दोन संघ होतात.

त्याच पुस्तकात किती चांगली सामग्री आहे बघा. परीलोकातून परतणाऱ्याला तिथली आठवण राहील की नाही, यासाठी फासा टाकायचा. तिथे घालवलेला काळ आणि इथला काळ जुळेल की नाही, यासाठी वीस बाजूंचा फासा. मधले आकडे पडले तर फरक नाही. पण २० पडले तर दिवसांची वर्षं झालेली असतात. लोककथेतली ती जुनी भीती, की एक रात्र नाचून घरी यावं आणि घर ओळखणारं कोणी नसावं, ती एका कोष्टकात बसवली आहे. आणि २०२१ च्या 'द वाइल्ड बियाँड द विचलाइट' या साहसकथेत परीलोकाचे तीन नियम दिले आहेत. पाहुणचार पाळायचा, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू चोरायची नाही, आणि मिळालेल्या भेटीची तोलामोलाची परतफेड करायची. संपूर्ण कथा एकही तलवार न उपसता पार करता येते. कर्कच्या 'कायदा आहे, धर्म नाही' या वाक्याला इथे खेळाचं रूप मिळालं. म्हणजे लेखकांना जमत नाही असं नाही. पाहुणचार त्यांना समजला, काळ समजला. सत्ता मात्र त्यांनी दोन राण्यांच्या रुसव्यावर सोडून दिली.

आणखी एक गोष्ट. याच खेळात २०१८ साली 'एलाड्रिन' या परीलोकातल्या एल्फांना ऋतू दिले गेले. रागावला की ग्रीष्म, दुःखी असला की शिशिर, आनंदात असला की वसंत. रात्रीची विश्रांती झाली की सकाळी ऋतू बदलता येतो. चित्र सुंदर आहे, रंगवायलाही छान. पण इथे ऋतू म्हणजे मनःस्थिती झाली. आणि मनःस्थिती म्हटलं की मग 'तुमचा दरबार कोणता ते ओळखा' अशी प्रश्नावली काढायला वेळ लागत नाही. दहा प्रश्नांची उत्तरं द्या, तुम्ही ग्रीष्म दरबारी आहात! पक्ष हा स्वभाव ठरला.

इथे जरा थांबू, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. पक्ष म्हणजे माझा स्वभाव, असं एकदा मानलं की काय होतं? मग सत्ता सोडणं म्हणजे स्वतःला सोडणं होऊन बसतं. करार मोडता येतो, बदलता येतो, मुदत संपली की संपतो. स्वभावाला मुदत नसते. जो माणूस 'मी या पक्षाचं काम करतो' म्हणतो तो निवडणूक हरू शकतो. जो 'मी म्हणजेच हा पक्ष' म्हणतो त्याला हरणं म्हणजे मरण वाटतं, आणि मग तो हरायला तयार होत नाही. हा धोका फक्त परीलोकात आहे असं आम्ही म्हणत नाही. कुठे कुठे आहे ते तुम्ही वर्तमानपत्र वाचून ठरवा.

आता दुसरं पुस्तक. १९९५ साली व्हाइट वुल्फ या अमेरिकन प्रकाशनानं 'चेंजलिंग: द ड्रीमिंग' काढलं. यात परी हे माणसांच्या देहात जन्म घेतात. प्रत्येकाला सीली आणि अनसीली असे दोन स्वभाव दिलेले असतात. एक वर असतो, एक खाली. म्हणजे इथेही स्वभाव आहेच, पण निदान एकाच माणसात दोन आहेत, हे बरं. खरी ताकद त्याच्या इतिहासात आहे. माणसांचा विश्वास आटला तेव्हा परींमधले सरदार, म्हणजे 'सिद', आपल्या लोकांना मागे टाकून परीलोकात निघून गेले आणि दारं बंद झाली. मागे राहिलेल्या साध्या परींनी शतकानुशतकं आपलं आपण निभावलं. मग १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, जगभर स्वप्नांना पूर आला, दारं उघडली आणि सरदार परत आले. आल्या आल्या म्हणाले, आमची गादी?

हा प्रश्न फार मोठा आहे हो! जे संकटात पळाले त्यांचा राज्यावर हक्क उरतो का? मागे राहून ज्यांनी घर सांभाळलं त्यांचं काय? या खेळात त्यावरून युद्ध होतं. सरदार तडजोडीच्या नावाखाली सामान्यांच्या पुढाऱ्यांना बोलावतात आणि थंड लोखंडाच्या सुऱ्यांनी त्यांची कत्तल करतात. लोखंड म्हणजे परींना वर्ज्य. म्हणजे शस्त्रही असं, की जे उचलणं हाच धर्मभंग.

त्याच खेळात आणखी एक जुना रिवाज सांगितला आहे. पूर्वी वर्षाचा उजेडाचा अर्धा भाग सीलींचं राज्य असे, आणि सॅमहेनच्या सणापासून अंधाराचा अर्धा भाग अनसीलींचं. सरदार परतल्यावर सीलींनी आपला हंगाम संपल्यावरही मुकुट उतरवला नाही. आता बघा, 'चांगल्या' म्हणवणाऱ्या पक्षानं पाळी मोडली. आणि त्यांच्याकडे कारणही चांगलंच असणार: 'त्यांच्या हातात दिलं तर ते वाटोळं करतील.' सत्ता न सोडणाऱ्याकडे चांगलं कारण नाही, असं इतिहासात सहसा होत नाही. आमच्या मते या पुस्तकातली ही सर्वांत तीक्ष्ण जागा आहे. पण पुस्तक तिच्यावर रेंगाळत नाही. त्याला सरदारांची घराणी, त्यांची चिन्हं, त्यांचे पोशाख यांचा मोह फार. सामान्यांची बाजू घेता घेता ते पुन्हा राजवाड्यात जाऊन बसतं.

तिसरं पुस्तक त्याच प्रकाशनाचं, २००७ चं, 'चेंजलिंग: द लॉस्ट'. नाव सारखं, पण गोष्ट वेगळी. यात तुम्ही परी नसता. परींनी पळवून नेलेला माणूस असता. तिथे वर्षानुवर्षं त्यांची वस्तू होऊन राहिलात, कोणाच्या बागेतला पुतळा, कोणाचा शिकारी कुत्रा. आणि एक दिवस काटेरी कुंपणातून रक्तबंबाळ होऊन पळालात. घरी आलात तर तुमच्या जागी तुमच्यासारखाच एक बनावट माणूस संसार करतो आहे. घरच्यांना तुम्ही हरवल्याचं माहीतही नाही.

आठवला तो मुलगा? शेक्सपियरनं ज्याला एक वाक्यही दिलं नाही तो? आम्हांला वाटतं, चारशे वर्षांनी त्याला इथे वाचा फुटली. टिटानिया म्हणाली सांभाळला, पक म्हणाला चोरला. हे पुस्तक तिसरी हकिकत सांगतं. आणि ती ऐकल्यावर राणीच्या दरबारातलं भांडण किती क्षुल्लक वाटायला लागतं बघा. कोणत्या राणीनं पळवलं यानं पळवलेल्याला काय फरक पडतो?

मग ही पळून आलेली माणसं एकत्र येतात आणि स्वतःचे दरबार उभे करतात. चार ऋतूंचे चार. वसंताचा दरबार इच्छेचा: झालं ते झालं, पुन्हा जगायला लागू. ग्रीष्माचा क्रोधाचा: परत आले तर लढू. शरदाचा भीतीचा: त्यांची विद्या शिकून घेऊ. शिशिराचा दुःखाचा: लपून राहू, दिसायचंच नाही. वरवर पाहता हेही स्वभावच वाटतील. पण नाहीत. एकाच जखमेला दिलेली ही चार उत्तरं आहेत. जखम समान आहे म्हणून चौघांना एकमेकांचं म्हणणं कळू शकतं. मतभेद आहेत, आणि ते कशाबद्दल आहेत हे प्रत्येकाला सांगता येतं. पक्ष असावा तर असा.

आणि आता कळीचा मुद्दा. हे चार दरबार आळीपाळीनं राज्य करतात. ऋतू बदलला की मुकुट पुढच्याकडे. का? पुस्तकानं दिलेलं कारण आम्हांला थक्क करून गेलं. ते परी, ज्यांनी यांना पळवलं, त्यांना स्वखुशीनं सत्ता सोडणं ही गोष्ट कळतच नाही. ती त्यांच्या बुद्धीत बसत नाही. म्हणून जिथे एक राजा आपण होऊन मुकुट उतरवतो आणि दुसऱ्याला देतो, तिथे त्यांचा हात सहज पोचत नाही. सत्ता सोडणं हीच तटबंदी. भिंत नाही, सैन्य नाही. आळीपाळी.

अ‍ॅरिस्टॉटलनं 'पोलिटिक्स' च्या तिसऱ्या भागात हेच सांगितलं. चांगल्या नागरिकाला राज्य करताही आलं पाहिजे आणि दुसऱ्याच्या राज्यात राहताही. तिथेच तो जरा चिडून म्हणतो की पूर्वी लोक आळीपाळीनं अधिकारपद सांभाळत, आता मात्र कायम चिकटून राहू पाहतात. जणू काही हे आजारी आहेत आणि खुर्चीवर बसलं तरच यांची तब्येत बरी राहते! दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचं वाक्य आहे, मंडळी. 'द लॉस्ट' च्या लेखकांनी ते वाचलं होतं की नाही, याला महत्त्व नाही. त्यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. अ‍ॅरिस्टॉटलला आळीपाळी न्याय्य वाटते, कारण नागरिक समान आहेत. इथे आळीपाळी माणसाला माणूस ठेवते. सत्ता सोडता येणं हाच पळवणारा आणि पळवलेला यांच्यातला फरक. ज्या दिवशी सोडता येणार नाही, त्या दिवशी तुम्ही तेच झालात, ज्यांच्यापासून पळून आलात.

पुस्तक भाबडंही नाही. नमुना म्हणून त्यानं मायामी शहर दिलं आहे आणि तिथे ग्रीष्माचा राजा, 'ग्रँडफादर थंडर', मुकुट खाली ठेवत नाही. मायामीच का, ते ओळखा. तिथे उन्हाळा संपतोच कुठे! आमच्या चंद्रपूरच्या श्रोत्यांना हा विनोद लगेच कळेल. पण विनोदात मुद्दा आहे. नियम ऋतूवर टांगला, तर 'अजून ऋतू बदललाच नाही' असं म्हणणारा निघतो. आणीबाणी अजून संपलेली नाही, शत्रू अजून दाराशी आहे, म्हणून अजून थोडे दिवस मीच. पळवाट नियमाच्या आतच असते.

या पुस्तकावर आमचे दोन आक्षेप आहेत, तेही सांगितले पाहिजेत. पहिला, इथे मत कोणी देत नाही. ऋतू आपोआप येतो, राजा आपोआप बदलतो. पण ग्रीष्म दरबाराच्या आत राजा कोण हे कसं ठरतं, आणि त्यानं तीन महिन्यांत केलेल्या चुकीचा जाब कोण विचारतो? आळीपाळी म्हणजे जबाबदारी नव्हे. दुसरा, सगळ्यांना चारच ऋतूंमध्ये बसवलं आहे. आपल्याकडे सहा ऋतू. वर्षाऋतूचा दरबार नसलेलं राज्य कोकणातला माणूस मान्यच करणार नाही. यात थट्टा आहे, पण प्रश्न खरा आहे: ज्याची जखम तीच, पण उत्तर पाचवंच आहे, त्याला या व्यवस्थेत पाळी मिळते का?

इतर खेळांबद्दल थोडक्यात. 'पाथफाइंडर' मध्ये परीलोक म्हणजे देवांनी आधी काढलेला जगाचा कच्चा मसुदा, आणि तिथले 'एल्डेस्ट' म्हणवणारे बलाढ्य फे आपापल्या मर्जीनं चालतात. कल्पना म्हणून ती फार देखणी आहे. पण कच्च्या मसुद्यात संस्था नसतात, नुसती व्यक्तिमत्त्वं असतात. आपल्या प्रश्नापुरतं तिथे काही हाती लागत नाही.

शेवटी एक गोष्ट. हे सगळे खेळ टेबलावर कसे चालतात? पाळीपाळीनं. लढाई सुरू झाली की फासे टाकून क्रम लावतात. तुझं झालं, आता माझं. योहान हुइझिंगा या डच इतिहासकारानं १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' लिहिलं. खेळ ही संस्कृतीच्या आधीची गोष्ट आहे, हा त्याचा सिद्धांत. तो म्हणतो, खेळात फसवणारा चालवून घेतात, कारण तो निदान नियम मानण्याचं सोंग करतो. खेळ मोडणारा मात्र कोणाला चालत नाही. पाळी न सोडणारा हा खेळ मोडणाराच. परीलोकातला अमर राजा ज्या टेबलावर खेळला जातो, त्या टेबलाला तो स्वतः बसला असता तर पहिल्याच फेरीत त्याला उठवलं असतं.

आणि आपल्या भाषेनं तर हे कधीच सांगून ठेवलं आहे. लपंडाव खेळताना ज्यानं डोळे मिटून आकडे मोजायचे, सगळ्यांना शोधायचं, त्याला आपण काय म्हणतो? 'तुझ्यावर राज्य.' 'कोणावर राज्य आलं?' पोरं राज्य मिळवायला धडपडत नाहीत, ते कधी एकदा दुसऱ्यावर जातं याची वाट पाहतात. राज्य हे अंगावर येतं, निभवायचं असतं, आणि मग द्यायचं असतं. ज्यानं हा शब्द पहिल्यांदा असा वापरला त्याला आमचा नमस्कार.

तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरातल्या मुलांपैकी कोणी हे खेळ खेळत असेल, सूत्रधार होत असेल, तर एवढंच करून पाहा. नवा दरबार रचताना आधी त्याचा रंग, चिन्ह, राणीचा पोशाख ठरवू नका. आधी तीन प्रश्न लिहा. इथे राज्य एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं? न गेलं तर काय मोडतं? आणि या भांडणात तो न बोलणारा मुलगा कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर सापडलं की गोष्ट त्याच्यापासून सुरू करा.

आज इथेच थांबतो. अजून वेळ आहे, तेव्हा ज्यांना 'द लॉस्ट' बद्दलचे आमचे आक्षेप पटले नसतील त्यांनी आधी बोलावं, बाकीच्यांनी मग. आता पाळी तुमची.